भुशीची किल्ली कोणाकडे?

मे महिन्यातल्या एका भर उन्हाच्या दिवशी मी नातवाला घेऊन लोणावळ्याच्या भुशी धरणावर गेलो. वर्गातल्या मित्रांकडून त्याने धरणाची वर्णने ऐकली होती. पायऱ्यांवरून धो धो वाहणारे पाणी, त्यात बसलेली माणसे, भाजलेली कणसे. प्रत्यक्षात दिसल्या त्या तापलेल्या दगडी पायऱ्या आणि त्यांच्यावर वाळून काळे पडलेले शेवाळे. पोरगा हिरमुसला. "आजोबा, पाणी जुलैत येतं तर आपण आत्ता का आलो?" असे त्याने विचारले. त्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर थोडे लांबले. ते वाचकांपुढेही ठेवावे असे वाटले.

हे धरण सहलीसाठी बांधलेले नाही. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाट चढून धापा टाकणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागू लागले. ती तहान भागवण्यासाठी जी.आय.पी. रेल्वेने १८६० च्या दशकाच्या अखेरीस इंद्रायणीच्या प्रवाहावर हा बांध घातला. पुढे मुंबई-पुणे मार्गावर वीज आली. १९३० साली डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनावर धावू लागली. हळूहळू वाफेची इंजिने गेली, जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली, धरण मात्र राहिले.

मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली. तिथे एक 'डेड स्टॉक रजिस्टर' असते. जुनी कपाटे, मोडके पंखे, वापरातून गेलेली तिजोरी अशा वस्तू घसारा काढत काढत पुस्तकी किंमत एक रुपयावर आली, तरी रजिस्टरात जिवंत असतात. मालकी आपली असते, उपयोग उरलेला नसतो आणि म्हणून लक्षही नसते. मूळ काम संपलेल्या कुठल्याही जुन्या धरणाला हाच धोका असतो. फरक एवढाच, की बँकेच्या मोडक्या कपाटावर रविवारी हजारो माणसे येऊन बसत नाहीत.

मीही त्या हजारोंपैकी एक होतो. १९९१ च्या पावसाळ्यात आमच्या शाखेची सहल भुशीला गेली होती. मुलगी पाच वर्षांची. पायरीवर बसलो असताना तिची चप्पल पाण्यात गेली, आणि मी मित्राशी बोलण्यात गुंग असताना ती चपलेमागे निघाली. कणसे भाजणारी एक बाई शेगडी सोडून धावली आणि तिने पोरीचा दंड धरला. "अवं भाऊ, पोरीला धरा की! पानी गढूळ झालंय, दिसत न्हाई का?" मला खरेच दिसले नव्हते. पाणी पाहायला आलेला माणूस पाणी पाहतच नाही, हे मला त्या दिवशी कळले.

त्या बाईला जे ठाऊक होते, ते शास्त्र आहे. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास. आजूबाजूचे डोंगर कातळाचे आणि तीव्र उताराचे. वर कोसळलेली सर जमिनीत मुरायला थांबत नाही, काही मिनिटांत खाली येते. खाली ऊन असले तरी वर पाऊस असू शकतो. पाणी गढूळ होणे, काटक्या-पाने वाहून येणे, आवाज बदलणे या त्याच्या आगाऊ सूचना. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला पाडते. शेवाळलेल्या दगडावर तर त्यालाही फारशी मेहनत पडत नाही.

३० जून २०२४ चा रविवार आठवा. धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याचे एक कुटुंब अडकले. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहात उभी असलेली ती माणसे आणि त्यानंतरचा तो क्षण साऱ्या महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिला. एक स्त्री आणि चार मुले गेली. १५ जून २०२५ चा दिवसही रविवारच होता. त्याच इंद्रायणीवर, खाली तळेगावजवळ कुंडमळ्यात लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. म्हणजे सूचना होती, सूचनेला हातपाय नव्हते.

पहिल्या दुर्घटनेनंतर प्रशासनाने मनाई आदेश काढले, परिसरातल्या टपऱ्या हटवल्या. अतिक्रमण हटले याबद्दल तक्रार नाही. पण टपरीबरोबर पाण्याचा रंग ओळखणारी नजरही हटली, याची नोंद कोणत्या पंचनाम्यात होते?

आता कायद्याकडे वळू. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, आपत्कालीन आराखडा, जबाबदार यंत्रणा हे सारे सांगितले आहे. कायदा चांगला आहे. पण तो धरणाला लागू होतो उंची मोजून. १५ मीटरहून उंच धरणे त्यात येतात. १० ते १५ मीटरमधली येतात ती लांबी, साठा, विसर्ग अशा काही अटी पुऱ्या केल्या तरच. कायद्याची फूटपट्टी पाणी मोजते, माणसे मोजत नाही. आठ मीटरच्या बांधावर रविवारी पाच हजार लोक बसले, तरी कायद्याच्या लेखी तो बांध लहानच.

आणि लहान म्हणजे निर्धोक नव्हे, हे आपण २ जुलै २०१९ च्या रात्री शिकायला हवे होते. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, झोपेतली माणसे घरांसकट वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी धरण फुटण्याचा दोष खेकड्यांवर ठेवला. पुणेकरांच्या घरात तर १२ जुलै १९६१ अजून जिवंत आहे. पानशेत फुटले तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. वाड्याच्या भिंतीवरची पुराची रेघ आई पुढे कित्येक वर्षे बोटाने दाखवीत असे.

बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. रोकड कमी भरली तर दोघांनाही उत्तर द्यावे लागते. सहलीच्या जागांचे उलटे असते. बांध एका खात्याचा, डोंगर दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा, बंदोबस्त चौथ्याचा. चार जणांकडे चार किल्ल्या आणि तिजोरी मात्र उघडीच. अपघातानंतर प्रत्येकाला आपली किल्ली दाखवता येते: पाहा, माझ्याकडची शाबूत आहे!

मग करावे काय? सरसकट बंदी हा उपाय नव्हे. वर्षभर खोलीत कोंडलेल्या कुटुंबाला एक दिवस पाण्यात पाय सोडून बसावेसे वाटणे हा गुन्हा नाही, आणि एक वाट बंद केली की माणसे दुसरी, अधिक अवघड वाट शोधतात. लोक जमतात त्या प्रत्येक बांधावर एक फलक हवा. मालक कोण, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, आज जबाबदार अधिकारी कोण. आमच्या प्रत्येक व्हाउचरवर सही असते, इथे माणसांचे जीव बिनसहीचे का? वरच्या ओढ्यावर पाणी चढल्याची खूण आणि तिला जोडलेला भोंगा हवा. एका वेळी किती माणसे आत, याचा आकडा हवा. आणि कणसे भाजणाऱ्या त्या बाईसारख्या स्थानिकांच्या हाती शिट्टी, दोर आणि रोजचा पगार द्यायला हवा. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची मंडळी दऱ्याखोऱ्यांतून, पाण्यातून माणसे काढतात. पण ती येतात अपघातानंतर. अपघाताआधी उभा राहणारा माणूस आपण नेमलेलाच नाही.

आपलीही एक किल्ली आहे, ती विसरून चालणार नाही. मुलाचा हात. १९९१ साली मी ती हरवली होती. परक्या बाईने शोधून दिली, आणि तिचे नाव विचारायचेही मला सुचले नाही.

हे सगळे मी नातवाला सांगितले नाही. त्याला एका कोरड्या पायरीवर बसवले, शेवाळ्यावरून बोट फिरवायला लावले आणि जुलैत पाणी कुठून येते ते दाखवले. तो बराच वेळ वरच्या डोंगराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, वर पाऊस पडला तर खाली सांगायला कोण येतं?"

त्याची आजी दोन दिवस मला विचारते आहे, जुलैत त्याला नेणार का? या प्रश्नाचे उत्तर माझ्या एकट्याच्या हातात नाही.