नागपूरच्या टेकड्या आणि आपले आखर

बारावीचा निकाल लागला की लामता व आसपासच्या गावांतील काही मुले-मुली पुढील शिक्षणासाठी नागपूरला जातात. जबलपूर आपल्या राज्यातले खरे, पण भाषा आणि सोयरेधायरे यांमुळे पुष्कळांचे पाय नागपूरकडेच वळतात. निघताना आईबाप तांदूळ, लोणचे आणि एक उपदेश बरोबर देतात : "अभ्यास कर, इकडेतिकडे फिरू नको." हा उपदेश आम्हांला अर्धाच पटतो.

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्याच्या अमरावती रस्त्यावरील आवारापासून अंबाझरी आणि फुटाळा हे तलाव जवळच आहेत. पलीकडे सेमिनरी हिल्सची झाडी. या टेकडीला ते नाव सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडले, हे आपल्या लोकांना सांगायला नकोच. शहराच्या मध्यावर महाराजबाग आहे. ती १९०६ साली निघालेल्या शेतकी कॉलेजकडे आहे. उजाडण्याच्या सुमारास या भागात माणसे चालायला निघतात. पेन्शनर, दुकानदार, पोलीस भरतीसाठी धावणारी खेड्यातली पोरे, घोळक्याने चालणाऱ्या बायका. चार दिवस एकाच वाटेवर भेटलेली माणसे पाचव्या दिवशी एकमेकांची विचारपूस करतात. कोणी आठवडाभर दिसला नाही तर चौकशी होते.

आपला मुलगा मात्र भाड्याच्या खोलीत, मोबाईल घेऊन. शेजारी कोण राहतो हे त्याला ठाऊक नसते, ताप आला तर पाणी द्यायला कोणी नसते. अशा मुलाला आम्ही म्हणू : बाबा, सकाळी तासभर फिर. पुस्तक पळून जात नाही.

"शेतकऱ्याच्या पोराला व्यायाम कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. रोवणीत दिवसभर कंबर वाकवून काम करणाऱ्या बाईला कोणी धावायला सांगणार नाही. तिला विश्रांतीच हवी. पण शेतीचे श्रम हंगामी असतात, आणि तेही काही अवयवांवरच पडतात. धान घरी आले की कित्येक घरांत महिनोन्‌महिने बसून काढले जातात, आणि शिकणारे मूल तर बांधीत उतरतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी, आणि मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटे. आता आपल्या घरातल्या मुलांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. विशेषतः मुलींचा. आठवीनंतर आपली मुलगी कोणत्या मैदानावर दिसते?

शहरातल्या लोकांना मोकळ्या जागेची किंमत कळली आहे, कारण ती त्यांच्या हातून जात आहे. नागपुरात २०२१ साली अजनीची झाडे वाचवण्यासाठी नागरिक उभे राहिले. पुण्यात २०२३ साली वेताळ टेकडीवरून रस्ता नको म्हणून हजारो लोक चालत निघाले, त्यांत विद्यार्थी होते आणि म्हातारेही होते. त्यांच्याकडे टीचभर जागा, तिच्यासाठी एवढी धडपड.

आपल्याकडे काय चालले आहे? गावाचे आखर, गुरांची चराई, पोरांचे खेळायचे मैदान यांच्या कडेने दरवर्षी कोणाचा तरी धुरा हातभर पुढे सरकतो. पहिल्या वर्षी काटेरी कुंपण, दुसऱ्या वर्षी तूर, तिसऱ्या वर्षी "हे आमच्या आजोबांचेच होते". यात आपल्यापैकीही काही घरे आहेत. नावे घेत नाही. ज्याचे त्याला कळेल. मैदान गेले की पोरे कुठे जातात, हे पानठेल्यावर संध्याकाळी उभे राहून पाहावे.

कायदा यात गावाच्या बाजूने आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम २३७ प्रमाणे जिल्हाधिकारी गावाच्या निस्तारासाठी सरकारी पडीत जमीन राखून ठेवू शकतात. त्यात चराई, दफनभूमी, खळे, बाजार यांच्याबरोबर खेळाचे मैदानही स्पष्ट लिहिलेले आहे. कोणती जमीन कशासाठी राखलेली आहे याची नोंद पटवाऱ्याकडे मिळते. भांडण काढण्याआधी चार शहाण्यांनी जाऊन ती पाहावी. पुष्कळदा नुसती मोजणी होणार म्हटले तरी कुंपण आपोआप मागे जाते!

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असे आम्ही सुचवतो. त्या दिवसांत हलके धान कापणीला आलेले असते हे ठाऊक आहे, तरी घरटी एक माणूस यावा, आणि तो पुरुषच असावा असे नाही. नागपूरला शिकणारी मुले दिवाळीला घरी येतील, तोवर निदान मैदानातला गाजरगवताचा पसारा उपटून झालेला असावा.