फुकट क्लाउडच्या भरवशावर दुकान मांडू नका



माझ्या एका जुन्या व्हिडिओत मी सांगितलं होतं, की अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर खातं उघडा, छोटा सर्व्हर १२ महिने फुकट वापरा. तेव्हा ते बरोबर होतं. आज ते ऐकून खातं उघडलं तर अडचणीत याल, म्हणून ही दुरुस्ती.

१५ जुलै २०२५ पासून नव्या खात्यांसाठी नियम बदलला. आता सुरुवातीला १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, ठरावीक कामं केली की आणखी १०० पर्यंत. फ्री प्लॅन ६ महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत, जे आधी होईल ते. मग पेड प्लॅन घेतला नाही तर खातं बंद. म्हणजे मे महिन्यात सुरू केलेली वेबसाइट नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या सुमारास बंद पडणार!

दुसरा बदल त्याआधीचा. चालू सर्व्हरचा पब्लिक आयपीव्ही४ पत्ता पूर्वी फुकट होता. १ फेब्रुवारी २०२४ पासून त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे ३० दिवसांचे ३.६० डॉलर. सर्व्हरचं भाडं वेगळं.

माझं मत सरळ आहे. आपण सणाला ऑफर लावतो, तशीच ही ऑफर. घ्या जरूर, पण हिशोब ऑफर संपल्यानंतरच्या दराने करा.

खातं उघडलंच तर पहिल्याच दिवशी हे करा:

१. खातं स्वतःच्या ईमेल-मोबाइलवर ठेवा, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नाही. रूट पासवर्ड तुमच्याकडे, एमएफए चालू. त्याला वेगळा यूजर बनवून द्या.

२. 'बजेट्स'मध्ये रक्कम टाकून ईमेल अलर्ट लावा. अलर्ट फक्त सांगतो, खर्च थांबवत नाही. थांबवायचं तुम्हालाच.

३. रीजन मुंबई निवडा. ते २०१६ पासून आहे. गिऱ्हाईक परभणी-जिंतूरचं आणि सर्व्हर अमेरिकेत, असं कशाला?

४. सर्व्हर 'स्टॉप' केला तरी डिस्कचे पैसे लागतातच. गाळ्याचं शटर ओढलं म्हणून भाडं थांबतं का? काम संपलं असेल तर बॅकअप घेऊन डिस्क डिलीट करा.

आणि खरं सांगू? पन्नास-साठ वस्तू विकायच्या असतील तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग पुरतो. आधी ऑर्डरी येऊ द्या, सर्व्हर नंतर घेता येतो.

तुमचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे, ते आजच तपासा.