‘प्रादेशिक’ म्हणून कोणाला हिणवता?

ई-४० या रॅपरचं नाव निघालं की काही जाणकार ‘प्रादेशिक’ असा शिक्का मारून मोकळे होतात. त्यांचा पूर्वपक्ष असा: तीस वर्षांहून अधिक काळ हा माणूस गातोय, तरी बिलबोर्डच्या मुख्य यादीत त्याचं एकही गाणं पहिलं आलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या ‘बे एरिया’त तो मोठा असेल, न्यूयॉर्कला त्याचं काय? थोडक्यात, गल्लीतला राजा.

यादीची गोष्ट खरी. निष्कर्ष साफ चुकीचा.

ई-४०चं खरं नाव अर्ल स्टीव्हन्स, तो कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोचा. हे गाव नौदलाच्या मेअर आयलंड गोदीवर जगलं. पुढे १९९६मध्ये गोदी बंद झाली आणि २००८मध्ये नगरपालिकेनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधीही अशा गोदीच्या गावात रेकॉर्ड कंपनीवाले कशाला फिरकतील? स्टीव्हन्स त्यांच्यासाठी थांबलाच नाही. भाऊ डी-शॉट, बहीण शुगा-टी आणि नात्यातला बी-लेजिट यांच्यासह त्याने ‘द क्लिक’ हा रॅपगट उभा केला, ‘सिक विड इट’ ही घरची कंपनी काढली आणि गाडीच्या डिकीतून कॅसेटी विकल्या. मोठ्या कंपनीच्या करारात कलावंताची आगाऊ रक्कम आधी वळती होते, मग हातावर थोडी रॉयल्टी पडते. इथे मधला माणूसच नव्हता. पुढे १९९४मध्ये ‘जाइव्ह’ या मोठ्या कंपनीशी करार झाला, तोही घरची कंपनी न मोडता. विक्रीच्या यादीत हा हिशेब दिसत नाही, म्हणून टीकाकारांनाही दिसत नाही.

दुसरा आक्षेप: २००६चं ‘टेल मी व्हेन टू गो’ अटलांटाच्या लिल जॉनमुळे गाजलं. निर्माता अटलांटाचा, हे कबूल. पण गाण्यात आवाज ओकलंडच्या कीक दा स्नीकचा आणि धिंगाणा बे एरियातल्या ‘हायफी’ या रॅपशैलीचा. अटलांटा इथे पाहुणा होता. ई-४०चा त्या वर्षीचा अल्बम बिलबोर्डच्या अल्बम यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर उतरला!

त्याच्या गाण्यांतल्या गर्द-धंद्याच्या फुशारक्या आणि बायकांविषयीची भाषा यांचं समर्थन मी करणार नाही. पण तो दोष देशभर गाजणाऱ्यांतही भरपूर आहे. प्रादेशिकतेच्या खाती तो कसा मांडायचा?

उलट ई-४०ने आपल्या प्रांताचंच भांडवल केलं. २०१२मध्ये त्याने एकाच दिवशी तीन अल्बम काढले. हे धाडस त्याने केलं ते घरचा श्रोता ते घेईल या खात्रीवर. २०२३मध्ये व्हॅलेहोने आपल्या एका रस्त्याला ‘ई-४० वे’ असं नाव दिलं.