‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

फॅमिली ट्रिपमध्ये एक शब्द तुम्हीही हमखास ऐकला असेल, ‘झालं!’ छत्रपती संभाजीनगरला गेलं की एका दिवसात दौलताबाद झालं, वेरूळ झालं, घृष्णेश्वर झाला, मकबराही झाला. आता वेरूळचंच बघा. बौद्ध, हिंदू, जैन मिळून तिथे ३४ लेणी. आपण १६ नंबरच्या कैलासासमोर सेल्फी काढतो आणि गाडीत बसतो. झालं का मग वेरूळ?

सगळी ३४ बघाच, असं मी म्हणत नाहीये. आईबाबांना सुट्टी मोजून चार दिवस, त्यात आजीचे गुडघे. उद्या आपल्याला नोकरी लागली की सगळ्यांच्या सुट्ट्या जुळणंही अवघड. म्हणून तर ती भलीमोठी यादी! पण माझा निकष साधा आहे. घरी आल्यावर फोटो न दाखवता त्या जागेबद्दल दोन मिनिटं बोलता येतं का? अख्खं मंदिर एकाच खडकात वरून खाली कोरत आणलंय, हे तिथे मान वर करून पाहिलेला माणूस विसरत नाही.

तेव्हा पुढच्या ट्रिपच्या यादीतलं एक ठिकाण तुम्हीच कापा. तासभर कैलासाच्या अंगणात निवांत बसलेल्या आजीचं वेरूळ आपल्यापेक्षा जास्त ‘झालेलं’ असेल, बघा!