किल्ली कोणाच्या हातीं?

वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथें महाशिवरात्रीच्या यात्रेला हजारों माणसें लोटतात. देऊळ सर्वांना खुलें. पण ढळलेला दगड पुन्हा जागीं बसविण्याची विद्या त्यांतल्या किती जणांस ठाऊक असते? विजेच्या आघातानें मोडलेल्या या मंदिराची गोंड राजवटींत डागडुजी झाली, हें विसरून चालणार नाहीं. दार उघडें असणें निराळें आणि घराला सांभाळणारा असणें निराळें.

मुक्तस्रोत संगणकप्रणालींच्या पुष्कळ पुरस्कर्त्यांनीं हा धडा घेतलेला दिसत नाहीं. "आमचा कोड सर्वांपुढें उघडा आहे; ज्याला हौस असेल तो येईल, वाचील आणि आपोआप कारभारी होईल," असें त्यांचें ठराविक उत्तर. वरवर पाहतां तें उदार वाटतें. वस्तुतः तो आळसावर चढविलेला औदार्याचा मुलामा आहे. कोड वाचून प्रणाली काय करते तें कळतें. पण ती तशीच कां रचली, कोणता मार्ग पूर्वीं चोखाळून सोडून दिला, हें बहुधा जुन्या माणसाच्या डोक्यांतच राहतें. तो थकला कीं तें ज्ञानही त्याच्याबरोबर जातें.

याचा परिणाम २०२४ सालीं जगानें पाहिला. माहिती आवळून लहान करणारी 'एक्सझेड' ही प्रणाली लिनक्सच्या असंख्य यंत्रांत असते. तिचा भार मुख्यत्वें लासे कॉलिन या एकट्या गृहस्थावर होता. २०२१ पासून 'जिया टॅन' या नांवानें कोणी मदतीस आला. २०२२ मध्यें कांहीं अनोळखी नांवांनीं दुसरा कारभारी नेमण्याचा तगादा लावला. आणि हळूहळू किल्ल्या त्या मदतनिसाच्या हातीं गेल्या. त्यानें प्रणालींत चोरदरवाजा बसविला. दूरच्या यंत्रांत प्रवेश करण्यास अर्धा सेकंद अधिक कां लागतो, एवढ्याशा संशयावरून आंद्रेस फ्रॉइंड यांनीं तो हुडकला व २९ मार्च २०२४ रोजीं जाहीर केला.

"म्हणूनच नवख्यांस आंत घेऊं नये," असें कोणी म्हणेल. आमच्या मतें हा निष्कर्ष अगदीं उलटा आहे. कॉलिन यांच्या शेजारीं चार जाणतीं माणसें आधींच तयार असतीं, तर तो तगादा इतका लागू पडला नसता. परका शिरला तो दार उघडें होतें म्हणून नव्हे, तर घरांत दुसरें कोणी नव्हतें म्हणून.

मार्ग सांपडत नाहीं असें नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतच मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथें ग्रामसभा सर्वसहमतीनें निर्णय घेते आणि विषयांची चर्चा अभ्यासगटांत होते. अशा चर्चेंत जो बसतो, त्याला निर्णयाबरोबर निर्णयाचीं कारणेंही कळतात; हीच कारभाऱ्याची खरी शाळा. पायथन भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम २०१८ सालीं प्रमुखपद सोडून बाजूला झाले, तेव्हां तिच्या विकासकांनीं दुसरा एकच धनी शोधला नाहीं. २०१९ पासून निवडून दिलेलें पांच जणांचें मंडळ तो भार वाहतें.

तेव्हां नवख्यास प्रथम लहान, पण खरें काम द्यावें. तें तपासतांना केवळ चूक न दाखवितां कारण सांगावें. जुने निर्णय लिहून ठेवावे. अधिकार टप्प्याटप्प्यानें द्यावा, आणि नवी आवृत्ति दोघांनीं पाहिल्यावांचून बाहेर पडूं देऊं नये. "शिकविण्यास वेळ कोठून आणावा?" हा प्रश्न खोटा नाहीं, परंतु त्याचें उत्तर एकट्या थकलेल्या माणसाकडे मागणें अन्यायाचें आहे. ज्या पेढ्या आणि कारखाने या फुकटच्या प्रणालींवर आपला व्यवहार चालवितात, त्यांनीं त्या वेळेचें मोल द्यावें.

वारस न घडवितां दिलेलें दान तें घेणाऱ्याला एके दिवशीं उघड्यावर टाकतें. असल्या औदार्याची स्तुति आतां आम्ही पुरे करावी.