पडदा दाखवतो, विचारत नाही

मंडळी, आज थोडं कडू लिहिणार आहे. प्रोजेक्टर ज्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे त्यांनी आधी पाणी पिऊन घ्या.

धुळे जिल्ह्यात २०१५ नंतरच्या काही वर्षांत एक खरोखर मोठं काम झालं. हर्षल विभांडिक हा मूळचा धुळ्याचा, अमेरिकेत नोकरी करणारा माणूस गावोगाव हिंडला, लोकांशी बोलला आणि लोकवर्गणीच्या जोरावर जिल्हा परिषदेच्या हजाराहून जास्त शाळा 'डिजिटल' झाल्या. कापूस वेचणाऱ्या बायाबापड्यांनीसुद्धा आपल्या परीने पैसे दिले. त्यामुळे माझी तक्रार त्या माणसाबद्दल नाही आणि गावाबद्दल तर मुळीच नाही. माझी तक्रार आहे ती पडदा आल्यावर त्यावर काय चालतं, याबद्दल.

जळगाव-धुळ्याकडे इंग्रजी शब्द शिकवणारे जे संच मी पाहिलेत, त्यातला सरासरी संच असा. एक लालबुंद सफरचंद गिरक्या घेत येतं. मागे धांगडधिंगा संगीत. एक गोड आवाज म्हणतो 'ॲपल'. वर्ग एकसुरात ओरडतो 'ॲपल'. पुढचं चित्र. वीस मिनिटांत चाळीस शब्द उरकतात. पोरं खूश, गुरुजी खूश, तपासणीला आलेले साहेब तर फारच खूश. पण आठवड्याने त्या चाळीसातले किती शब्द डोक्यात उरले? ते मोजायची सोयच नाही. बटणं दोनच, मागे आणि पुढे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ज्या प्रोग्रॅमला समोरच्याकडून काही इनपुटच लागत नाही, तो शिकवणारा प्रोग्रॅम नव्हे. तो सिनेमा. आणि सिनेमा बघून पोरगं खूश होणारच की! त्यात शिकण्याचा पुरावा कुठून आला?

हे माझं घरगुती तत्त्वज्ञान नाही. कार्पिके आणि रोडिगर या दोघांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. काही जणांना एकदा आलेला शब्द पुढे नुसताच पुन्हा पुन्हा दाखवला. काहींना तो पुन्हा पुन्हा विचारला. आठवड्यानंतर विचारलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, नुसते दाखवलेल्यांना ४० टक्केही नाहीत. शब्द पक्का होतो तो डोक्यातून बाहेर ओढून काढताना. आत ओतताना नाही. आणि आमचे संच ओततातच फक्त.

ते संगीत आणि गिरक्या? रिचर्ड मेयर यांनी मल्टिमीडियातून माणूस कसा शिकतो यावर उभी हयात घालवली. त्यांचं एक साधं सूत्र असं की विषयाशी संबंध नसलेली सजावट काढून टाकली की शिकणं सुधारतं. आमच्याकडे नेमकं उलटं. सजावट जितकी जास्त, तितका संच 'भारी'.

आता दुसरं दुखणं. यातले पुष्कळसे संच 'फक्त इंग्रजीतून इंग्रजी' असा बाणा मिरवतात. मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९९८ साली जर्मन शिकणाऱ्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना संगणकावर एक गोष्ट वाचायला दिली. ज्या शब्दांचं चित्रही पाहिलं आणि इंग्रजी अर्थही पाहिला, ते शब्द जास्त लक्षात राहिले. म्हणजे चित्र हवं, आपल्या भाषेतला अर्थही हवा, आणि शब्द गोष्टीत भेटायला हवा. तिकडे विद्यापीठातल्या घोड्यांना मातृभाषेचा आधार चालतो, आणि इकडे घरी केळीला 'केयी' म्हणणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला तो वर्ज्य! खान्देशात लाखो घरांत अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात. त्या मुलाला शाळेतली मराठीच अर्धी परकी, इंग्रजी तर तिसरी भाषा.

गंमत म्हणजे याच पोराला इंग्रजी शब्द भरपूर येतात. मोटर, स्टार्टर, फेज, ड्रिप, व्हॉल्व्ह, रिचार्ज, बॅलन्स. थ्री फेज लाइट रात्री किती वाजता येते हे त्याला गुरुजींपेक्षा चांगलं ठाऊक असतं. अर्थ पक्का आहे, उच्चार आहे, फक्त अक्षरांशी ओळख व्हायची आहे. इतकं तयार भांडवल सोडून आम्ही त्याला इग्लू आणि झायलोफोन शिकवतो. रावेर-यावलचं पोरगं झायलोफोन कुठे वाजवणार आहे? त्याऐवजी फवारणीच्या बाटलीवरचं लेबल वाचायला शिकवा. बापाचा जीव वाचेल.

मान्य, पडद्याचे फायदे आहेत. गुरुजी स्वतः मराठी माध्यमात शिकलेले, उच्चाराची त्यांनाच खात्री नसते. तिथे रेकॉर्ड केलेला आवाज सोन्यासारखा. जी वस्तू गावात दिसतच नाही ती चित्राशिवाय कशी समजणार? म्हणून पडदा फोडा असं मी म्हणत नाही. म्हणणं इतकंच की त्याला प्रश्न विचारायला लावा. आज चुकलेला शब्द उद्या विचारा, बरोबर आलेला चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. हे काही रॉकेट नाही. सेबास्टियन लाइटनर या जर्मन गृहस्थांनी १९७२ साली हेच काम पुठ्ठ्याच्या खोक्यात चिठ्ठ्या घालून करायची पद्धत सांगितली होती. कप्पे पाच. चिठ्ठीवरचा शब्द आला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला तर परत पहिल्यात. चपलेचं रिकामं खोकं चालतं, आणि लाइट गेली तरी चालतं! संगणकच हवा असेल तर 'अंकी' आहे. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर फुकट, चित्र घाला, आवाज घाला, अहिराणी अर्थ घाला.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने का? महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्या पहिल्या तुकडीने आता तिशी ओलांडली. त्यातल्या किती जणांनी दहावीला छान मार्क मिळवले, अकरावी सायन्सला गेले, आणि तिथे व्हेलॉसिटी, सोल्यूट, मेम्ब्रेन अशा शब्दांच्या भिंतीवर आपटले! त्यांना फिजिक्स जड गेलं असं लोक म्हणाले. मला वाटतं, बऱ्याच जणांना शब्द जड गेले. भिंत बांधली गेली होती पहिलीपासून, रोज एकसुरात ओरडून.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीतल्या दादा-ताईंनो, विक्रेता येईल तेव्हा स्क्रीन किती इंची आणि संच किती जीबीचा हे नंतर विचारा. आधी विचारा, हा संच पोराला चित्र दाखवून थांबतो का? 'हाई काय शे?' म्हणून विचारतो का? उत्तर चुकलं तर लक्षात ठेवतो का? उद्या पुन्हा विचारतो का? नसेल तर वर्गणी खोक्यांवर आणि कार्डांवर खर्च करा, आणि उरलेल्या पैशात गोष्टीची पुस्तकं घ्या.