गोळी लपवावी लागते, हे कोणाचे अपयश?



मुनिरक्याहून सफदरजंग रेल्वे स्टेशन फार दूर नाही. १ डिसेंबर २००७ रोजी तेथूनच 'रेड रिबन एक्सप्रेस' निघाली आणि एड्सची माहिती देत देशभर फिरली. ती गाडी आपल्याच कामगारांनी चालविली. पण आपल्या रनिंग रूममध्ये आजही या आजाराचे नाव कोणी काढत नाही.

एका सभासदाने मला विश्वासात घेऊन सांगितले, "भाऊ, ड्युटीवर निघताना गोळ्या घरीच ठेवतो. लाईन बॉक्समध्ये कोणी पाहिल्या तर?" म्हणजे बाहेर जितके दिवस, तितके दिवस औषध बंद!

ही औषधे बाधतात, अशी भीती अनेकांना वाटते. जुन्या स्टॅव्ह्युडिनने हातपाय बधिर होत, गाल बसत, हे खरे आहे. ते औषध आता मागे पडले. आज बहुतेकांना तीन औषधांची एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. काहींची झोप बिघडते, काहींचे वजन वाढते, मूत्रपिंडाची तपासणी करावी लागते. त्रास डॉक्टरांना सांगावा. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. वारंवार खंड पडला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

गोळी नियमित घेतली, तर रक्तातील विषाणू तपासणीत सापडण्याइतकाही उरत नाही आणि तो तसाच दबलेला राहिला की जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पुण्याची 'नारी' संस्था सहभागी असलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २०११ साली दिसले, की लवकर उपचार सुरू केल्याने अशी लागण ९६ टक्क्यांनी घटली.

१ एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधे मोफत देऊ लागले. तरी २०२२ साली तुटवड्यामुळे रुग्णांना दिल्लीत नॅकोच्या कार्यालयापुढे महिनाभराहून अधिक काळ धरणे धरावे लागले. लढल्याशिवाय हक्काचेही मिळत नाही, हे आपल्याला नवीन नाही.

कामाला सक्षम असलेल्या मजुराला केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच दिला. २०१७ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावाला बंदी केली. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणेही बंधनकारक केले. तुमच्या डेपोत, आरएमएस कार्यालयात तो अधिकारी कोण? प्रत्येक शाखेने हे लेखी विचारावे. औषध आणण्याच्या दिवशी कारण न विचारता रजा मिळावी, अशी मागणीही करावी.

गोळी वेळेवर घेणे हे सभासदाचे काम. ती न लपविता घेता यावी, हे पाहणे युनियनचे काम आहे.